फोटोंचा खुलासा

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आई-बाबांस,


पत्रास कारण की, मी ग्रुपवर टाकलेल्या डोशाच्या फोटोला सगळ्या नातेवाइकांनी अंगठे दाखवले आणि बाबांनी तेवढं खाली लिहिलं, ‘नोकरी लागली का?’ नाही लागली. मग फोनवर आई म्हणाली, ‘नोकरीचा पत्ता नाही आणि हॉटेलं कसली चाललीत?’ फोनवर नीट उत्तर देता येत नाही. आपलं बोलणं स्पीकरवर असतं आणि मागून काकू सल्ले देत असतात. म्हणून हा लेखी खुलासा. बाबांनी उभा जन्म बँकेत लोकांची व्हाउचरं तपासली, तेव्हा हिशेबासकट देतो.

आधी परिस्थिती. कंपनीने माणसं कमी केली, त्यात मीही गेलो. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी सुटली की त्याला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने अर्ज भरायचा, नाहीतर व्हिसाचा प्रकार बदलायला टाकायचा, नाहीतर बोऱ्याबिस्तर गुंडाळायचा. तुमच्या सूनबाईची नोकरी शाबूत आहे, म्हणून मी तिच्या जिवावर एच-फोरचा अर्ज केला. म्हणजे सरकारदरबारी मी आता सुनेवर अवलंबून असलेला इसम. घरात पहिल्यापासून हेच होतं, सरकारला उशिरा कळलं, असं तिचं म्हणणं. भांडी, डबे आणि लेकीला शाळेत पोचवणं माझ्याकडे आहे. लेक इतकी खूश आहे की नवी नोकरी लागूच नये म्हणून गणपतीला साकडं घालते. तुमचं साकडं उलट दिशेचं आहे. गणपती बिचारा काय करणार!

सुरुवातीला आम्हीही शहाण्यासारखे वागलो. बाहेर जाणं बंद, बाहेरचं खाणं बंद. पैसे वाचले, पण घरात बोलणंही वाचायला लागलं. जेवताना मी नकाराच्या ईमेल चाळायचो आणि सूनबाई समोर खर्चाची एक्सेल शीट उघडून बसायची. एका शनिवारी सोलापूरकर आणि डोंबिवलीकर हे माझे दोघं मित्र सहकुटुंब दारात उभे राहिले. ‘घरात बसल्याने मुलाखतीचा फोन लवकर येतो का?’ सोलापूरकराने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘मग गाडीत बस.’

ग्रुपवरचा पहिला फोटो त्या दिवशीचा, कॉस्टकोतला. ते हॉटेल नाही, घाऊक मालाचं गोदाम आहे आणि दाराशी खाण्याचा काउंटर आहे. तिथे हॉट डॉग आणि सोडा मिळून दीड डॉलर पडतो आणि हा भाव 1980च्या दशकापासून हललेला नाही. हॉट डॉग गोमांसाचा, त्यामुळे आपल्या उपयोगाचा नाही. पण पिझ्झाचा ताट झाकेल एवढा तुकडा दोन डॉलरला एक सेंट कमी, इतक्यात येतो. शिवाय आत कागदी वाट्यांतून चव बघायला फुकट नमुने देतात. डोंबिवलीकर टोपी बदलून दुसऱ्यांदा रांगेत उभा राहतो. त्याची नोकरी शाबूत आहे, हे मुद्दाम नमूद करतो.

ज्या डोशावरून खटला उभा राहिला, तो ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरातल्या कँटीनचा. आधी दर्शन, मग डोसा. क्रम उलटा करायची आमची इच्छा असते, सूनबाईची नसते. तिथे शेजारच्या टेबलावरच्या एका तेलुगू काकांनी आमचं बोलणं ऐकलं, माझा रेझ्युमे मागून घेतला आणि बसल्या जागी मुलाच्या कंपनीत पाठवून दिला. तिकडून अजून उत्तर नाही. काकांनी स्वतःच्या वाटीतलं सांबार मात्र तेव्हाच दिलं.

पाणीपुरीचा फोटो ओक ट्री रोडवरचा. एडिसन आणि इझेलिनमधून जाणाऱ्या या रस्त्यावर सराफ, साड्या, किराणा, पान, सगळं आहे, गाडी लावायला जागा तेवढी नाही. आम्ही मुद्दाम अशाच जागा निवडतो, जिथे काउंटरवरून आपलं आपण आणून खायचं. वेटरने आणून दिलं की बिलावर 18-20 टक्के टीप आली. साहेबी थाट आता उरलाय तो पेट्रोल पंपावर. न्यू जर्सीत 1949च्या कायद्याने गिऱ्हाइकाला स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे. बेकार असलो तरी मी गाडीतून उतरत नाही.

आता बाबांचा प्रश्न, पैसे कुठून येतात? आधी कोणी मला बिल देऊच देत नव्हतं. डोंबिवलीकर हात धुवायला म्हणून उठायचा आणि काउंटरवर कार्ड सरकवून यायचा. मला ते टोचायला लागलं. मग असं ठरलं की दर घराने महिन्याला 40 डॉलर एका स्टीलच्या डब्यात टाकायचे आणि त्यात बसेल तेवढंच खायचं. डबा आमच्याकडे असतो, खजिनदार मी. बेकार माणसाच्या हाती तिजोरी दिल्याचं बाबांच्या बँकेत कधी घडलं नसेल.

टीप लागत असूनही एका ठिकाणी आम्ही जातो, ते म्हणजे डायनर. कॉफी एकदाच घ्यायची, कप ते भरत राहतात. तिथे सोलापूरकर माझी खोटी मुलाखत घेतो. ‘तुमच्यातला मोठा दोष सांगा,’ तो गंभीरपणे म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत सूनबाई बोटांवर मोजायला लागली आणि पहिला हात संपवून दुसऱ्यावर गेली. वेट्रेसने हसण्याचं कारण विचारलं. ऐकल्यावर तिने फ्रेंच फ्राइजची बशी आणून ठेवली, ती बिलात लावली नाही. त्या रात्री सूनबाईने शीट न उघडता टीप दिली.

आई, डोसा खाऊन नोकरी लागत नाही, हे मलाही कळतं. पण चारचौघांत बसून खाल्लं की दुसऱ्या दिवशी नकार वाचून पुढचा अर्ज भरायचं बळ येतं. तोंडात पाणीपुरी असली की रडगाणंही लांबत नाही. घरी बसून जे वाचलं असतं, त्याहून जास्त आम्ही या डब्यातून कमावलं, असं माझं स्पष्ट मत आहे. एक्सेल शीटलाही ते आता मान्य आहे.

आणि बाबा, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही रविवारी मंडळींबरोबर मिसळीला जाणं सोडलंत, असं आई सांगत होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, मिसळ वर्ज्य केलेली नाही. गंगापूर रोडपर्यंत रिक्षा जाते. तर्री कमी घ्या, पापड एक जास्त घ्या आणि जिलबी आईच्या नजरेआड खा. मंडळी तुमची वाट बघत असणार आणि तुम्ही त्यांची. येत्या रविवारी जाच.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमचा,
सूनबाईवर अवलंबून असलेला मुलगा

ता. क. काळा मसाला संपत आलाय. नाशिकहून इकडे कोणी येणार असेल तर अर्धा किलो पाठवा. सोलापूरकराला वेगळा पुडा हवाय.