पावभट

गोव्यातल्या प्रत्येक गावात एक पावभट असतो. डिचोलीत आहे, पेडण्यात आहे, साखळीत तर दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. पावभट जातीने भट असावा लागत नाही, बहुधा नसतोच. पण कुठला पाव कुठल्या वेळी खावा, कुठल्या भट्टीचा वर्ज्य, कुठला अडीअडचणीला चालतो, याचं सगळं शास्त्र त्याला मुखोद्गत असतं आणि ते तो कुणी न विचारता सांगतो.

आमचे डिचोलीचे पावभट वीज खात्यात होते. उभा जन्म लोकांचे मीटर वाचण्यात गेला, त्यामुळे डिचोली आणि पेडणे या दोन्ही तालुक्यांतला वाडा न् वाडा पायाखालचा. कुठल्या घरचा कुत्रा चावतो आणि कुठल्या आडवाटेला भट्टीचा धूर दिसतो, या दोन्ही गोष्टी त्यांनी नोकरीतच टिपून ठेवल्या होत्या. निवृत्तीनंतर कुत्रे निरुपयोगी ठरले, धूर कामाला आला. आता रोज उजाडायच्या आत ते स्कूटर काढतात. हँडलला कापडी पिशवी. प्लास्टिकच्या पिशवीत पावाला घाम फुटतो आणि घाम फुटलेला पाव म्हणजे मेलेला पाव, हे त्यांच्या शास्त्रातलं पहिलं कलम.

गंमत म्हणजे पाव दारात येतो. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पोदेर सायकलचा भोंपू वाजवत गल्लीतून जातो, मागच्या टोपलीवर निळं प्लास्टिक आणि त्याखाली उबदार पाव. सगळी गल्ली तोच घेते. पावभटांची बायकोही तोच घेते. पण स्वतः पावभट अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल करत धारगळला जातात, तिथून पुढे पेडणे बाजार, कधी पार्से, कधी हरमल. दारात आलेल्या पावाचं पुण्य लागत नाही, असं त्यांचं मत असावं.

एकदा त्यांच्या मागे बसून गेलो होतो. पेडण्याच्या अलीकडे रस्ता सोडून आत एक भट्टी आहे. चिरे आणि माती यांचा बसका घुमट. आत लाकडं जाळायची, तळ तापला की निखारे बाजूला ओढायचे, राख झाडून घ्यायची आणि लांब दांड्याच्या फळीवरून पिठाचे गोळे आत सोडायचे. पीठ रात्रीच मळून ठेवलेलं. आम्ही पोहोचलो तेव्हा पहिला घाणा बाहेर पडत होता. पावभटांनी कसलीही घाई केली नाही. एक उंडा उचलला, पालथा केला, मधल्या बोटाच्या पेराने बुडावर तीनदा टकटक केलं आणि तो कानाशी धरला.

"पोकळ आवाज आला पाहिजे," ते मला म्हणाले. "भरीव आला तर आत कच्चा."

मग नाकाशी नेला. मग वरच्या चिरेत अंगठा घालून कवच किती कडक आहे ते पाहिलं. उंड्यानंतर पोईचा नंबर. तिच्या पाठीवरचा कोंडा बोटाने झाडून पाहिला, कडेला नख लावलं आणि पोई उघडली. ती एका दमात उघडून आत पोकळी दिसली पाहिजे आणि वाफ सरळ तोंडावर यायला हवी. आली. कातऱ्या पावाचे दोन पंख सारखे आहेत की नाहीत, कांकण मोडताना चुरा किती पडतो, हेही पाहून झालं. भट्टीवाला कमरेवर हात ठेवून उभा होता. शेवटी म्हणाला, "भाई, घेतलात काय फकत आयकतलात?"

भाईंनी दोन उंडे आणि चार पोया घेतल्या. मग खिशातून वही काढली. वहीत अजूनही मीटरचेच रकाने आहेत: मागील नोंद, चालू नोंद, फरक. मला चोरून जेवढं वाचता आलं तेवढं देतो. "धारगळ. उंडा बरा. बूड किंचित करपलेलं, पण प्रामाणिक." "मये. पोई फुगली नाही. पोदेराचा मुलगा मोबाइलवर." "साखळी. पाव उत्तम, रस्ता वाईट." फरकाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द आहे: "घसरण."

या भक्तीमागे एका घराण्याचा इतिहास आहे. पोर्तुगीज गोव्यात आले 1510 साली. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादीत पाद्री आले तसा पावही आला आणि तिथेच मुरला. पेडणे, डिचोली हे महाल त्यांच्या हाती लागले ते थेट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर बाटवाबाटवीचा जोर सरला होता. इकडे देवळं जागेवर राहिली, कुळाचार राहिले आणि पाव हा 'त्यांचा' राहिला. विहिरीत पावाचा तुकडा पडला आणि नकळत गावाने ते पाणी प्यायलं की गाव बाटलं, ही गोष्ट वसईपासून सासष्टीपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. त्यातून पीठ फुगवायला घालायचे माडाची सूर. म्हणजे एका घासात दोन पातकं.

पावभटांच्या पणजीच्या राज्यात पाव उंबरठ्याच्या आत आला नाही. घरात कुणी तापाने फणफणलं आणि डॉक्टरने चहा-पाव सांगितला, तर रोग्याने पडवीत बसून खायचा, बशी वेगळी, आणि बरं झाल्यावर आंघोळ. आजोबा बाजाराच्या दिवशी हॉटेलात भाजी-पाव खायचे आणि तोंड पुसून घरी यायचे. वडील उघडपणे खायचे, पण सोमवारी नाही. आणि चौथ्या पिढीत हे पावभट निपजले. सोवळं गेलं असं आपण म्हणतो. ते कुठेही जात नाही, नुसता पत्ता बदलतं.

पणजीच्या घरात पावाला जे जे नियम होते, ते सगळे पावभटांच्या घरात आता स्लाइस ब्रेडला लागू आहेत. तो उंबरठ्याच्या आत येत नाही. सून पुण्याची, तिने माहेराहून टोस्टर आणला. बरीच चर्चा होऊन त्याला पडवीत, वॉशिंग मशिनच्या वर जागा मिळाली. तिला टोस्ट खायचा झाला की ती पडवीत जाते, तिथेच खाते, बशी तिथेच विसळते. पणजी असती तर तिला या सुनेचं फार कौतुक वाटलं असतं.

सुरेचं तर पुरतं उलटं झालं आहे. माडावर चढणारे रेंदेर कमी होत गेले, सूर मिळेनाशी झाली, भट्ट्यांनी यीस्ट धरलं. पावभटांच्या लेखी यीस्टचा पाव बाटलेला. ज्या सुरेने पणजीचं घर विटाळलं असतं, तीच आता शुद्धतेची खूण. कुणी सांगितलं की अमक्या गावात एक जण अजून सूर घालतो, की पावभट दुसऱ्या दिवशी तिथे हजर. बहुतेक वेळा तिथे यीस्टच निघतं. मग ते पाव न घेता परततात आणि दिवसभर कुणाशी धड बोलत नाहीत.

राजकारणही त्यांना पावाच्या मार्गानेच कळतं. 1967 च्या जानेवारीत जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. पेडणे, डिचोलीकडे फुलाचा जोर होता आणि पावभटांचे वडील तर फुलासाठी घसा बसेपर्यंत फिरले होते. दोन पानं जिंकली तेव्हा घरात दोन दिवस सुतक होतं. पावभट वडिलांचा फोटो रोज पुसतात, मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, नाटकाच्या तालमीला आजही जातात; पण हा विषय निघाला की आवाज खाली आणून म्हणतात, "झालं ते बरं झालं. फूल जिंकलं असतं तर लादीपाव आला असता."

लादीपावावरून गाडी वडापावावर जाते. पाव चिरून त्याच्या पोटात काही कोंबणं त्यांना मान्य नाही. पाव हाताने तोडायचा आणि बुडवायचा. म्हणून आमच्याकडे भाजी-पाव. भाजी आधी, पाव नंतर, आणि लोण्याचा दोन्हीशी संबंध नाही. पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही एकत्र करून मिक्स, जोडीला एक मिरची भजी, वर चहा. पणजीला गेले की कॅफे भोसलेत किंवा 1913 पासूनच्या कॅफे टाटोत ते हे व्रत पार पाडतात. 1922 पासूनच्या मिस्टर बेकरसमोरून जाताना चालणं हळू होतं, पण केक हा त्यांचा विषय नाही. संध्याकाळी गाड्यावर रस-ऑम्लेट खाताना गाडेवाल्याला ते दर विचारत नाहीत, शाकुतीचा रस कोंबडीचा की कसला तेही विचारत नाहीत. पहिला प्रश्न एकच: "पाव खंयचो?" उत्तर समाधानकारक नसेल तर पिशवीतून स्वतःचा पाव काढतात. कटलेट-पावात कटलेट पावाच्या आतच असतं, हे मी एकदा दाखवून दिलं. ते म्हणाले, कटलेट आत ठेवलेलं असतं, कोंबलेलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात मुलगा त्यांना मांद्र्याच्या किनाऱ्याकडे एका कॅफेत घेऊन गेला. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्याच्या किनाऱ्यावर अशी ठिकाणं चिकार झाली आहेत. कार्डावर साउरडोचं सँडविच होतं, आत अव्हाकाडो, आणि किंमत अशी की तेवढ्यात पोदेराची अख्खी टोपली यावी. वेटर पोरगा पाठ केल्यासारखं सांगू लागला: यात यीस्ट नाही, पीठ आपोआप आंबतं, रात्रभर ठेवतात, लाकडाच्या भट्टीत भाजतात. पावभटांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मरे, हें आमचो पोदेर करतालो. अव्हाकाडो घालिनासलो, इतलेंच."

पण भट्टी पाहिल्याशिवाय ते उठणार नव्हते. मालक परदेशी, दाढीवाला; त्याला कुणीतरी भट्टी पाहायला मागतंय याचाच आनंद झाला. आत गेल्यावर पावभटांनी एक भला मोठा पाव पालथा केला आणि बुडावर टकटक केलं. दाढीवाल्याचे डोळे लकाकले. त्यानेही एक उचलला, टकटक केलं. एकाची इंग्रजी बिलापुरती, दुसऱ्याची कोंकणी नमस्कारापुरती. पण दोघेही पाव कानाला लावून बराच वेळ उभे होते आणि बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती. वहीतली नोंद: "मांद्रे. परदेशी पोदेर. आवाज पोकळ, किंमत भरीव." फरकाचा रकाना प्रथमच कोरा होता.

सोवळं म्हटलं की त्यात आपद्धर्म असतोच. धारगळच्या ज्या भट्टीची ते शपथ घेतात, तिथला मूळ पोदेर आता भट्टीवर नसतो. एक मुलगा बोटीवर, दुसरा इंग्लंडात. रात्रभर धुरात उभं राहून पीठ मळायला कोण थांबणार? भट्टी भाड्याने दिलेली, कामाला कर्नाटकातली पोरं. हे कळलं तेव्हा पावभट दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी निर्णय जाहीर झाला: भट्टी गोंयची आसल्यार हात खंयचोय चलता. त्या पोरांपैकी एकाला त्यांनी बुडावर टकटक करायला शिकवलं. तो आता त्यांच्याआधीच टकटक करतो आणि "पोकळ आसा भाई" म्हणून उंडा पुढे करतो. भाई तरीही पुन्हा वाजवून पाहतात. दुसऱ्याने घेतलेल्या रीडिंगवर त्यांनी नोकरीतही कधी सही केली नव्हती.

खरी परीक्षा नातवाच्या वाढदिवसाला झाली. हॉल घेतला होता. गोव्यात वाढदिवसाच्या बशीत केक, पॅटिस, वेफर्स आणि चटणी-सँडविच असलंच पाहिजे. ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची वाटून केलेली हिरवीगार चटणी, कडा कापलेले त्रिकोणी तुकडे. आणि ते करतात स्लाइस ब्रेडचे. पोदेराच्या पावाचे होतच नाहीत. बशी हातात आली तशी अख्खा हॉल पावभटांकडे बघू लागला. सून तर समोरच येऊन उभी राहिली.

पावभटांनी सँडविच उचललं. वाजवून पाहिलं नाही, वाजण्यासारखं त्यात काही नव्हतं. दोन घासांत संपवलं. मग दुसरं घेतलं.

"बाबा, हा ब्रेड आहे," सून म्हणाली.

"ब्रेड नव्हे, सँडविच," पावभट शांतपणे म्हणाले. "सँडविच पावात धरत नाहीत. ते फराळात मोडतं."

"मग टोस्टर आत आणू?"

तिसऱ्याकडे हात नेत त्यांनी निवाडा दिला की टोस्टर हा पावाचा नव्हे, विजेचा विषय आहे आणि घरातले विजेचे निर्णय खात्याचा माणूस घेतो. टोस्टर त्यामुळे आजही पडवीतच आहे. मात्र पावसाळ्यात, ज्या पहाटे स्कूटर बाहेर काढता येत नाही, त्या दिवशी सून उठून पडवीत जाते तेव्हा तो आधीच कोमट असतो, आणि बशी विसळून पालथी घातलेली असते.