मुलीचे मामा घाटात आहेत

लग्नात मुलीच्या मामाला काम एकच असतं. याद्या होतात तेव्हा त्याला कुणी विचारत नाही, साड्या घेतात तेव्हा तर नाहीच. पण मंगलाष्टकांच्या आधी भटजी माइकवरून पुकारतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," आणि तेवढ्यापुरता मामा लागतो. या कामाला अक्कल लागत नाही, पैसा लागत नाही. नुसतं हजर असावं लागतं. माझी अडचण नेमकी तिथेच झाली. मुहूर्त होता 12 वाजून 27 मिनिटांचा, कार्यालय होतं वाईत, आणि मामा सकाळी सव्वानऊ वाजता खंबाटकी घाटात, वाफाळत्या बॉनेटसमोर, सिल्कचा कुडता घालून उभा होता.

गाडी 1999 सालची. कंपनीचं नाव सांगत नाही. तिला आमच्याकडे येऊन पाव शतक उलटलं, आता माहेरचा उद्धार कशाला करायचा? पंधरा वर्षं झाली की गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते, आणि मग दर पाच वर्षांनी तिला आरटीओत नेऊन "आहे अजून" असं दाखवावं लागतं. पेन्शनरांचं तेच असतं. फरक इतकाच, की माझा हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला द्यावा लागतो, तिचा पाच वर्षांतून एकदा. सरकारचा माझ्यापेक्षा तिच्यावर भरवसा जास्त आहे.

तो भरवसा अगदीच चुकीचा नाही. भाजी, बँक, दवाखाना, फार तर कात्रजपर्यंत कुणाला तरी सोडायला, एवढं काम ती बिनतक्रार करते. सकाळी सेल्फ मारला की पहिल्यांदा खाकरते, दुसऱ्यांदा चालू होते. माझीही पद्धत साधारण हीच असल्यामुळे आमचं जमतं.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढावा लागतो आणि येताना बोगद्यातून सुटका होते. परीक्षा जाताना, बक्षीस येताना. मे महिना, शनिवार आणि दाट लग्नतिथी हे तीन ग्रह एका राशीत आले, की पारगाव-खंडाळ्यापासून गाड्यांची रांग लागते आणि घाट चढत नाही, सरकतो. वळणावळणावर गाड्या कडेला घेतलेल्या असतात, सगळ्यांची बॉनेटं उघडी. लांबून पाहिलं तर घरट्यातली पिल्लं चोची वासून बसल्यासारखी दिसतात. गेली कित्येक वर्षं मी त्यांच्याकडे कणवेने बघत पुढे गेलो होतो. "गाडी नीट ठेवत नाहीत हो लोक," असंही एकदा म्हणालो होतो. त्या वाक्याची फेड बाकी होती.

तापमानाचा काटा चढताना मी पाहिला होता. पण गाडीत बायको, ब्याऐंशी वर्षांची मावशी आणि डिकीत रुखवत असताना माणूस काट्याकडे पाहत नाही, घड्याळाकडे पाहतो. मग पुढच्या काचेवर धुक्यासारखं काहीतरी आलं. मावशी म्हणाली, "महाबळेश्वर आलं वाटतं." ते रेडिएटरमधलं पाणी होतं.

बॉनेट उघडून मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात बायको खिडकीतून ओरडली, "अहो! कुकरची वाफ जिरायच्या आधी झाकण काढतं का कुणी?" त्याच क्षणी मागच्या ट्रकमधूनही आवाज आला, "काका, हात लावू नका, त्वांड भाजंल!" दोघांचं शास्त्र एकच होतं. झाकण घट्ट असेपर्यंत आत दाब असतो आणि दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की सगळं एकदम उसळून अंगावर येतं. हे मी शाळेत मुलांना पस्तीस वर्षं शिकवलं. फळ्यावर मात्र कधी कुणाचं तोंड भाजलं नव्हतं.

ट्रकवाला उतरला, चाकामागे दगड लावला आणि बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "होज पाइप चिरलाय." मला ते ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी आमच्या मेकॅनिकने तो पाइप दाबून दाखवला होता. रबर बिस्किटासारखं कडक झालं होतं. "काका, नाना पेठेतून नवीन आणतो, तासाभराचं काम आहे." मी म्हणालो होतो, "लग्न होऊन जाऊ दे, मग निवांत बघू."

आता निवांतपणा भरपूर मिळाला. तापलेलं इंजिन पाऊण तास तरी थंड होऊ द्यायला हवं होतं. थंड पाणी घाईने ओतलं तर आतलं लोखंड तडकायचं. तेव्हा कठड्याला टेकून मी विचार करत बसलो की हिने हाच दिवस कसा निवडला. लोक म्हणतात ना, गाडी नेमकी ऐनवेळी दगा देते. मंगळवारी दुपारी, भाजी आणून झाल्यावर, सोसायटीच्या दारात कधी बंद पडत नाही. बारशाला, मुहूर्ताला, परीक्षेला, विमान पकडायला निघालं की पडते. जणू तिला कॅलेंडर वाचता येतं.

पण कठड्यावर बसून हिशेब मांडला आणि माझीच चूक सापडली. वर्षातले साडेतीनशे दिवस तिला मी एकटा, सपाटीवर, दोन किलोमीटर चालवतो. तेवढ्या वेळात पाणी धड तापतही नाही, पाइपात दाब धरतच नाही. चीर असली तरी थेंब गळून जातो आणि आपल्याला कळत नाही. आणि मग एके दिवशी तिच्यात तीन माणसं बसवतो, डिकीत लाडवांचे डबे आणि विणलेली तोरणं कोंबतो, एसी लावतो, मे महिन्यात घाटात नेतो, आणि सगळ्या महाराष्ट्राचा मुहूर्त एकच असल्यामुळे पहिल्या गिअरमध्ये तासभर सरपटायला लावतो. गाडी पळत असली की समोरचा वारा रेडिएटरला थंड करतो. सरपटताना सगळी भिस्त एकट्या पंख्यावर. ऐनवेळ तिने निवडलेली नव्हती. आपण ज्या दिवशी सगळ्यात जास्त मागतो, त्या दिवसाला आपण ऐनवेळ म्हणतो.

"दादा, कुठे आहेस?" बहिणीचा फोन. मी म्हणालो, "घाटात." ती म्हणाली, "कुठल्या?" वाईच्या माणसाला हा प्रश्न पडतो, कारण वाईत कृष्णेवर घाटच घाट आहेत. "गणपतीच्या घाटावर असशील तर पाच मिनिटांत ये," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी परत लावला नाही. तिचा तेवढाच वेळ आनंदात जावा.

दहा वाजून गेल्यावर ट्रकवाल्याने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढली, पाइपाला ओढून गुंडाळली आणि वरून तारेने आवळली. पाणी त्याच्या कॅनमधलं, आमच्या बाटल्यांमधलं आणि मागच्या गाडीतल्या एका वऱ्हाडाचं. ते वऱ्हाड वेगळ्या लग्नाचं होतं, पण पाणी देताना त्यातल्या आजोबांनी विचारलं, "मुलीकडचे की मुलाकडचे?" मुलीकडचे म्हटल्यावर त्यांनी आणखी एक बाटली दिली. ट्रकवाल्याला पैसे देऊ केले तर त्याने रुखवताकडे पाहिलं. दोन लाडवांत काम झालं.

जाताना त्याने मंत्र दिला. "एसी बंद. आणि काका, हीटर फुल्ल सोडा."

"मे महिन्यात?"

"इंजिनची गरमी आत घ्या. ती गार हुईल."

शास्त्र इथेही बिनचूक होतं. हीटर म्हणजे गाडीच्या आतला एक छोटा रेडिएटरच. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि त्याची उष्णता पंखा आपल्या अंगावर सोडतो. गाडीचा ताप माणसांनी वाटून घ्यायचा. म्हणून खंबाटकीचा उरलेला चढ आम्ही भर मे महिन्यात, खिडक्या उघड्या टाकून, हीटर पूर्ण सोडून चढलो. बायकोच्या पैठणीवरचे मोर घामेजले. गजरा शिजल्यासारखा वास येऊ लागला. मागून मावशी म्हणाली, "एवढी थंडी कुणाला वाजतेय रे?" कुणी उत्तर दिलं नाही. सगळ्यांचे डोळे काट्यावर होते. काटा थरथरला, अडला आणि हळूहळू मागे आला. बायको म्हणाली, "उतरला हो." ताप उतरलेल्या पोराबद्दल आई जसं म्हणते, तसं.

वेळे गेलं, सुरूरच्या फाट्याला वळलो आणि 12 वाजून 35 मिनिटांनी कार्यालयाच्या दारात पोचलो. मुहूर्त टळून आठ मिनिटं झाली होती. लाल चेहरे आणि चिकटलेले कपडे घेऊन आम्ही आत धावलो, तर आत निवांत सरबत चाललेलं. अंतरपाट घडी करून ठेवलेला. भटजी पंचांगातल्या दुसऱ्या वेळेवर बोट ठेवून बसलेले.

मला भरून आलं. मामासाठी थांबले! मी बहिणीला म्हटलं, "अगं, माझ्यासाठी कशाला खोळंबलात?"

ती म्हणाली, "तुझ्यासाठी कुठे? फोटोग्राफर अडकलाय घाटात. तू आलास कधी?"

फोटोग्राफरची गाडी कोरी होती, नुकतीच घेतलेली. ती बंद पडली नव्हती, पण तिला पुढे जायला रस्ताच नव्हता. बहुधा माझ्यासारखेच कुणीतरी कडेला चोच वासून उभे होते. मामा आला नसता तर एखादा मानलेला मामा उभा राहिला असता, घरात होते दोन-तीन. मानलेला फोटोग्राफर चालत नाही.

एक वाजता भटजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मी भाचीचा हात धरला. ती हळूच म्हणाली, "मामा, तुझ्या अंगाला पेट्रोलचा वास येतोय." मी म्हटलं, "इंजिनचा." ती हसली, आणि त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंमध्ये तेवढंच हसू सांगून आणलेलं नाही.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी पाइप बदलला. तासाभराचंच काम निघालं. मेकॅनिक म्हणाला, "काका, गाडीला अधूनमधून लांब न्या. नुसती भाजीला नेता, मग दुखणं कळत नाही."

ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी जूनमधल्या एका मंगळवारी, लग्न नाही, बारसं नाही, वर्षश्राद्ध नाही, असा दिवस बघून वाईला गेलो. घाट मोकळा होता, काटा मधोमध. बहिणीने दार उघडलं आणि मला बघून तिचा चेहरा उतरला.

"दादा? काय झालं? सगळे बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत."

"मग असा अचानक?"

"काही नाही. गाडी तापते का बघायचं होतं."

तिचा विश्वास बसला नाही. चहा टाकता टाकता तिने माझ्या बायकोला फोन करून खात्री करून घेतली.