गोळी कुत्र्याला, उतारा मालकाला

वळवाचा पाऊस आला की शहरातल्या फ्लॅटमध्ये दोन जीव कासावीस होतात. एक दिवाणाखाली शिरून, शेपूट पोटाशी घेऊन, लाळ गाळत धापा टाकतो. दुसरा मोबाइलवर ‘मन शांत करणाऱ्या’ वड्यांची डबी मागवतो. डबीवर गाढ झोपलेला लॅब्राडोर, आत चिकनच्या चवीची चिमुकली हाडकं आणि मागे मुंगीच्या अक्षरात कॅमोमाइल, ट्रिप्टोफॅन, एल-थिअनीन. हे शेवटचं म्हणजे चहाच्या पानातला घटक. चहाने मालकाला तरतरी यावी आणि कुत्र्याला समाधी लागावी, हा या धंद्याचा आध्यात्मिक भाग.

गुण येतो कसा, तेही पाहण्यासारखं आहे. वळीव बहुधा अर्धा-पाऊण तासाचा पाहुणा, आणि वडी अंगी लागायलाही साधारण तेवढाच वेळ. पाऊस ओसरतो, कुत्रा बाहेर येतो, श्रेय वडीच्या खात्यावर जमा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, फक्त इथे कावळ्याला पाच तारे मिळतात. वडी विकत घेणारा, भरवणारा आणि गुण आला की नाही ते ठरवणारा माणूस एकच. ज्याला गुण यायचा त्याची साक्ष काढायची सोय नाही. वादळाला घाबरणाऱ्या कुत्र्यांवर थिअनीनचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मालकांनी सुधारणा नोंदवली खरी, पण तुलनेला नुसती पिठाची गोळी खाणारा एकही कुत्रा नव्हता, आणि आपण असली माल भरवतोय हे प्रत्येक मालकाला ठाऊक होतं. एखाद्या कुत्र्याला थोडा फरक पडतही असेल. तेवढ्यावर डबीवरचा लॅब्राडोर इतका गाढ झोपू नये, एवढंच.

यावर ठरलेलं उत्तर येतं : ‘अपाय तर नाही ना!’ वडीचा सहसा नसतो. पण वडी संपली म्हणून घरातल्या माणसांची झोपेची शुगरफ्री गोळी दिली आणि तिच्यात झायलिटॉल निघालं, तर कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरते, यकृतही निकामी होऊ शकतं. त्याहून मोठा तोटा वेळेचा. वडीवर भरवसा ठेवून पावसाळ्यामागून पावसाळे जातात आणि भीती मुरत राहते. ‘मग काय डॉक्टरांकडून गुंगीचं औषध द्यायचं?’ हा आक्षेप मात्र अगदीच पोकळ नाही. पूर्वी सर्रास दिलं जाणारं एसप्रोमझीन हातपाय सैल करायचं, भीती जिथल्या तिथे. आता आवाजाच्या भीतीसाठीच मान्यता मिळालेली, हिरडीला लावायची डेक्समेडेटोमिडीनची जेल आहे. इतरही औषधं पशुवैद्य तपासून देतात. आणि घाबरलेल्याला जवळ घेतलं तर लाडावतो, हा समज खुशाल सोडावा.

खरा उपाय फुकट आहे, म्हणून त्याची जाहिरात नाही. गडगडाटाचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावायचं, सोबत चिकनचा तुकडा, आणि कुत्रा निवांत असेल तरच आवाज किंचित वाढवायचा. हे हिवाळ्यात, आभाळ निरभ्र असताना सुरू करावं लागतं आणि आठवडेच्या आठवडे चालतं. डबी दहा मिनिटांत दारात येते.