सालीपुरता चिरा

आमच्या वरूड तालुक्याला खोल जायची सवय आहे. संत्र्याला पाणी पाहिजे म्हणून दोनशे फूट बोअर मारला. तो आटला म्हणून चारशे मारला, तोही आटला म्हणून आठशे. शेवटी सरकारदरबारी तालुक्याची ‘डार्क झोन’ म्हणून नोंद झाली, पण थांबायचं कुठे हे काही आम्हाला कळलं नाही. मी याच मातीतला. शाळेत मराठी शिकवण्यात जन्म गेला आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या प्रत्येक चुकीला न चुकता अर्धा गुण कापला. निवृत्त झालो तेव्हा लक्षात आलं, की आता घरात कापायला काहीच उरलं नाही. म्हणून मी कापायचं यंत्र घेतलं.

दिसायला ते प्रिंटरसारखं असतं. फक्त शाईच्या जागी बारीकसं पातं असतं. संगणकावर चित्र काढायचं, चिकट मॅटवर कागद लावायचा आणि बटण दाबायचं, की पातं चित्राच्या कडेकडेने फिरून आकार कापून देतं. पुण्याच्या लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “बाबा, आधी काय कापायचं ते ठरवा. मग त्याला लागणारं पातं पहा. यंत्र सगळ्यात शेवटी.” मी तिला वाक्यरचनेतला कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम समजावून सांगितला आणि यंत्र सगळ्यात आधी घेतलं. किंमत इथे लिहीत नाही, कारण हा लेख बायकोही वाचणार आहे. तिला जी सांगितली, ती निम्मी होती.

यंत्रासोबत अवजारांचा एक संचही घेतला. कागद उचलायला चपटी पट्टी, कचरा खरवडायला खरवडणी, कागद दाबायला रबरी रूळ, एक चिमटा आणि वाकड्या टोकाची एक सुई. बायकोने ती सगळी टेबलावर मांडली आणि स्वयंपाकघरातून एकेक वस्तू आणून शेजारी ठेवत गेली. पट्टीजवळ सराटा, रुळाजवळ लाटणं, चिमट्याजवळ चिमटा. सुईपाशी आल्यावर आईच्या बटव्यातला काटा काढायचा आकडा आला. “एवढ्यासाठी पैसे दिले?” तिने विचारलं. मी म्हटलं, “याचं पोलाद वेगळं असते.” ती काही बोलली नाही. सराटा तेवढा घेऊन गेली, कारण गॅसवर धिरडं होतं.

पहिलं काम ठरलं महालक्ष्म्यांच्या मखराचं. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून आमचं मखर जुन्या साड्यांवर निभत होतं. मी जाहीर केलं, की यंदा कागदी मखर. खांब, कमान, जाळी, वेलबुट्टी, सगळं यंत्रावर. कागद आणायला गेलो. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. त्याने विचारलं, “सर, कार्डशीट किती जीएसएमचा देऊ?”

मी म्हटलं, “आता फोर-जी आलं बाप्पा, जीएसएम कोण वापरते?”

गुरूविषयीच्या आदरापोटी तो हसला नाही. त्याने शांतपणे समजावून सांगितलं, की एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये जेवढं वजन, तेवढा त्याचा जीएसएम. वहीचं पान साठच्या आसपास भरतं, लग्नाची जाड पत्रिका अडीचशे-तीनशे. मी तीनशेचा कार्डशीट घेतला आणि सोबत पतंगी कागदाचा गठ्ठा. घरी येऊन तीनशेच्या कागदाची नाजूक वेलबुट्टी कापायला घेतली आणि पतंगी कागदाचे खांब. याच्या नेमकं उलट केलं असतं, तर मखर निदान उभं राहिलं असतं.

त्यात श्रावण. आमच्याकडे श्रावणात पापडसुद्धा मऊ पडतो, तिथे कागदाची काय कथा! ओल धरलेल्या कागदाचे तंतू सुटतात. पातं त्यांना कापत नाही, ओढत नेतं. वेलीचं प्रत्येक पान उंदराने कुरतडल्यासारखं निघालं. एकदा अर्धी कमान छान कापून झाली होती, तेवढ्यात लाईन गेली. पाऊण तासाने आली तेव्हा आपण कुठे होतो हे यंत्र साफ विसरलं होतं. त्याने कमान पहिल्यापासून कापली, पण जुन्या रेषेच्या बोटभर बाजूने. दोन कमानी झाल्या, दोन्ही निकामी.

मॅटचं प्रकरण वेगळंच. मॅट तीन प्रकारच्या येतात. पातळ कागदाला कमी चिकट, कार्डशीटला मध्यम आणि जाड जिनसांना भरपूर चिकट. चिकटपणा भरपूर असलेला केव्हाही बरा, असं समजून मी तिसरी घेतली. पतंगी कागद तिच्यावर असा बसला, की निघताना कापलेला भाग मॅटवर राहिला आणि न कापलेला माझ्या हातात आला. पुढे कळलं, की कागद मॅटवरून ओढायचाच नसतो. मॅट पालथी घालून तीच हळूहळू वाकवायची असते, म्हणजे कागद सपाट राहतो आणि आपोआप सुटतो.

हे कळलं त्या दिवशी मॅट जागेवर नव्हती. आईने ती उचलली होती. “उंदराचं फळकूट कोनी मेजावर ठेवते का?” म्हणून तिने ती रात्री धान्याच्या कोठीमागे सरकवली. सकाळी तिच्यावर एक उंदीर, एक पाल आणि तुरीचे सात दाणे होते. माझ्या यंत्राच्या साहित्याने घरासाठी केलेलं हे पहिलं उपयोगी काम.

पोळ्याला लेक आणि दोन्ही नातू आले. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा मागायला निघतात. मी ठरवलं, की नातवांच्या टी-शर्टवर ‘सर्जा’ आणि ‘राजा’ लिहायचं. इस्त्रीने कापडावर चिकटणारा एक पातळ पापुद्रा मिळतो. त्याची चमकदार बाजू मॅटवर खाली ठेवायची आणि अक्षरं उलटी कापायची, म्हणजे कापडावर ती सुलटी उमटतात. यातली पहिली सूचना मी वाचली. दुसरी वाचताना चहा आला. इस्त्री फिरवून वरचं प्लास्टिक सोलल्यावर दोन्ही नावांचा काना अक्षराच्या भलत्याच अंगाला गेलेला दिसला. अशी चूक मी पाचवीतल्या पोराला माफ केली नसती. धाकटा आरशासमोर गेला आणि ओरडला, “आबा, इथं बरोबर दिसते!” मग तो घरोघर पाठमोरा उभा राहून आरसा मागत हिंडला. त्याच दिवशी सरहद्दीपलीकडे पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेक, असते. आमच्याकडची गोटमार नुसत्या नजरेवर भागली.

महालक्ष्म्या साड्यांच्या मखरातच बसल्या आणि अतिशय शोभून दिसल्या. तो विषय इथेच संपवतो.

मग आला संत्र्याचा आंबिया बहार. घरची दीडशे झाडं. दरवर्षी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना आणि जुन्या विद्यार्थ्यांना पेट्या जातात. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण झाडं आमच्या वरूड-मोर्शीत आणि नाव नागपूरचं, हे शल्य आम्हाला आहेच. म्हटलं, यंदा प्रत्येक पेटीवर नारिंगी रेडियममध्ये ‘वरूडचा संत्रा’ असा शिक्का मारू.

रेडियम म्हणजे गाडीच्या नंबरप्लेटवर लावतात तो चिकट कागद. मादाम क्युरींनी १८९८ साली शोधलेलं खरं रेडियम यात कणभरही नसतं. एके काळी घड्याळाचे आकडे अंधारात चमकावे म्हणून त्यांना रेडियमचा रंग द्यायचे, तेव्हापासून जे जे चमकतं ते आपल्याकडे रेडियम. आता तर न चमकणाऱ्या चिकट कागदालाही तेच नाव आहे. अडाण्याला पंडित म्हणावं तसं.

पातं निवडताना माझ्यातला मास्तर जागा झाला. दुकानात दोन प्रकार होते, पंचेचाळीस अंशांचं आणि साठ अंशांचं. पंचेचाळीस म्हणजे सेकंड क्लास, साठ म्हणजे फर्स्ट क्लास. मी साठचं घेतलं. खोलीचा आकडा एक ते दहा होता, तिथे दहापैकी दहा दिले. यंत्र सुरू झालं. रेडियम कापलं गेलं, त्याच्या पाठीचा मेणकागद कापला गेला, मॅट कापली गेली. उचललं तर अक्षरांचे सुटे तुकडे भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसे खाली पडले. आणि ती अक्षरंही कसली! आज्ञावलीला जोडाक्षर ओळखता येत नव्हतं. तिने ‘त्र’चा पाय मोडून ‘संत् रा’ केलं होतं. शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तोडली होती. जन्मभर ज्या शिरोरेषेचा आग्रह धरला, ती माझ्याच घरात चार ठिकाणी मोडली.

शेवटी ते कलेवर घेऊन बसस्टँडजवळच्या रेडियमवाल्याकडे गेलो. त्याने मॅट उजेडात धरली. आरपार ‘वरूड’ दिसत होतं.

“सर, हे पातं कापून रायलं का बोअर मारून रायलं?”

मग त्याने दहा मिनिटांत, माझ्या एका वर्षाच्या अध्यापनापेक्षा जास्त शिकवलं. साध्या रेडियमला पंचेचाळीसचंच पातं. साठचं जाड मखमली कागदासाठी. पातं टोपणातून नखाच्या कोरीएवढंच डोकावलं पाहिजे. ते हातात धरून आधी एका कपट्यावर ओढून पाहायचं. रेडियम फाटावं आणि मेणकागदावर नुसता ओरखडा यावा. “अन् अक्षरं अगोदर एकजीव करून घ्या, मंगच कापा. नाई त जिथं दोन अक्षरं भेटते तिथं पातं दोन डाव जाते.” मजकूर दुसरीकडे जुळवून, त्याची बाह्यरेषा करून, मगच यंत्राला चित्र म्हणून द्यायचा. यंत्राला मराठी वाचायला लावायचंच नाही. हे सगळं नको असेल तर मी अमरावतीला लेझरवर कापून आणू का, असं विचारलं. तो घाबरलाच. “हे पीव्हीसी होय सर. लेझरनं जाळलं त क्लोरीनचा धूर निघते. मशीनबी जाते अन् छातीबी.”

एवढं कळूनही हात वळत नव्हता. आकडा कमी केला तर रेडियम सुटेना, वाढवला तर मेणकागदही कापला जाई, असं चाललं होतं. अशातच डिंक्या रोगाने गेलेल्या झाडांच्या जागी नव्या कलमा सांगायला मी आणि बायको शेंदुरजनाघाटला गेलो. थंडीचे दिवस, कलमा बांधायचा हंगाम. जंबेरीच्या रोपांच्या ओळीत एक माणूस पाटावर बसून पुढे सरकत होता. जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेन्सिलीएवढ्या खोडाला त्याने एक आडवा आणि एक उभा चिरा दिला, चाकूच्या मागच्या टोकाने साल दोन्हीकडे उघडली, संत्र्याचा डोळा आत सरकवला आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधून टाकला. मी घड्याळात पाहीपर्यंत तो पुढच्या रोपावर होता. सालीखालचं लाकूड ओलं, पांढरं, तुकतुकीत. त्यावर चाकूची खूण नव्हती.

“लाकडाले कसा लागत नाही चाकू?” मी विचारलं.

“चाकूले सालीचंच काम सांगतलं हाय,” तो मान वर न करता म्हणाला. “लाकडाले लागला का डोळा मरते. नवीन ओळ लागली का आंधी एका फालतू काडीवर पाहून घ्याचं. साल जाड हाय का पातय.”

माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. यंत्र, पातं, मेणकागद, सगळं मी त्याला सांगत सुटलो. त्याने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “केवढ्याची हाय मशीन?” मी भारावलेला. खरी किंमत सांगून मोकळा झालो. बायको माझ्या मागेच उभी होती.

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोललं नाही. लाकडाला लागलं होतं.

घरी आल्यावर पंचेचाळीसचं पातं लावलं, आकडा दोनवर आणला आणि आधी रेडियमच्या कपट्यावर बोटभर चौकोन कापून पाहिला. साल सुटली, मेणकागद शाबूत. मग चाळीस शिक्के एका दमात कापले. आता अक्षरांमधलं जास्तीचं रेडियम काटा काढायच्या आकड्याने उपसून काढायचं होतं. इंग्रजीत या कामाला जो शब्द आहे, त्याचा आमच्याकडचा अर्थ सरळ निंदण. आई चष्मा लावून बसली. चार शिक्के केल्यावर म्हणाली, “निंदणाची रोजी काय भाव चालू हाय यंदा?” बायको म्हणाली, “यांना विचारा, पण सांगतील त्याच्या दुप्पट धरा.” उरलेले छत्तीस मी एकट्याने निंदले.

पेट्या रवाना झाल्या. चार दिवसांनी पुण्याहून एका जुन्या विद्यार्थ्याने फोटो पाठवला. नारिंगी अक्षरं, अखंड शिरोरेषा, ‘त्र’ दोन्ही पायांवर उभा. खाली त्याने लिहिलं होतं, “संत्री गोड आहेत सर. पण वरूडमधला ‘रू’ दीर्घ ना? अकारान्त शब्दातलं उपान्त्य अक्षर. तुम्हीच शिकवलं होतं.”

फोटो मोठा करून पाहिला. ‘रू’ची बारीक शेपटी निंदणात उपटली गेली होती. तणाबरोबर पीकही. उरलेल्या पेट्या आठवल्या. छत्तीस शिक्क्यांचं निंदण एकाच हाताचं होतं.

मी उत्तर लिहिलं, “अर्धा काप.”