पाहुणा खरंच झोपला होता का?

आमचे नानामामा देवरुखहून पुण्याला येतात तेव्हा दोन गोष्टी हमखास बरोबर आणतात. एक फणसपोळी आणि दुसरा तलाठी. फणसपोळी दोन दिवसांत संपते. तलाठ्याची हकिकत मात्र बांधावरून सुरू झाली ती अजून बांधावरच आहे. जेवण झालं की मामा आरामखुर्चीत टेकतात, "आणि मग तो तलाठी मला म्हणतो..." इथवर येतात आणि घोरू लागतात. पाऊण तास. तेवढ्यात इकडे भांडी घासून होतात, कुरिअरवाला बेल वाजवून जातो, पावसाची एक सर येऊन जाते. मग मामा डोळे उघडतात आणि म्हणतात, "...फेरफार कुठाय?"

वाक्य सोडलं होतं तिथूनच पुढे. तलाठ्याचा आवाजसुद्धा तोच, नाकातला.

घरातले सगळे हसतात. मला मात्र मामांचा हेवा वाटतो. कारण ते आरामखुर्चीत जे फुकट करून दाखवतात, तेच यंत्रांकडून करून घेण्याचा मला पगार मिळतो, आणि माझी यंत्रं आठवड्यातून दोनदा तरी तोंडघशी पडतात.

माझ्या कामाबद्दल सासूबाई सोसायटीत सांगतात, "सूनबाई कम्प्युटरांना झोपवते." त्यावर पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं होतं, "आणि उठवतं कोण?" इतका नेमका प्रश्न मला नोकरीच्या मुलाखतीतही कुणी विचारला नव्हता.

तर काम असं. एका दांडग्या यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरच्या जोरावर दहा-वीस लुटुपुटीची यंत्रं चालवतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आमच्या धंद्यात दांडगा तो होस्ट आणि पोटातले ते गेस्ट. यजमान आणि पाहुणे. पाहुण्याला हे घर आपलंच आहे असं शेवटपर्यंत वाटत असतं. हे फक्त संगणकांच्याच पाहुण्यांचं होतं असं नाही. या पाहुण्यांना मी हायबरनेट करायला लावते, म्हणजे मेंदूत जे काही चाललंय ते सगळं डिस्कवर लिहून काढ आणि वीज पूर्ण बंद करून पडून राहा. मग उठवते आणि पाहते, की हा होता तिथूनच पुढे बोलतोय का.

झोपेच्या या पायऱ्या ठरवून दिल्यात त्या एसीपीआय नावाच्या नियमावलीत. ती १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून काढली. त्यातली एस-थ्री म्हणजे वामकुक्षी. डोळे मिटलेले, पण मेमरीला वीज चालू असते. कुणी हाक मारली की लगेच "हं?" एस-फोर ही गाढ झोप, म्हणजेच आमचं हायबरनेट. तिच्यात वीजच नसते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला झोपला की गेला हे कळत नाही. यजमान स्वतःच्या मर्जीनेही पाहुण्याची सगळी स्थिती उचलून बाजूला ठेवू शकतो, पण ती भूल झाली. पाहुण्याला पत्ताही नसतो. हायबरनेटमध्ये त्याला स्वतः आवराआवर करून डोळे मिटावे लागतात, आणि आवराआवर म्हटलं की घोटाळे आलेच.

लिनक्सचा पाहुणा झोपायला निघाला की पहिल्यांदा काय करतो, तर 'स्टॅच्यू' म्हणतो. आपण लहानपणी खेळायचो तेच. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामने आहे तिथे गोठायचं. त्यासाठी २० सेकंद मिळतात. कुणी त्यात गोठला नाही तर झोपेचा सगळा बेत रद्द होतो, सगळ्यांना 'ओव्हर' मिळतो आणि हलणाऱ्याचं नाव नोंदवहीत छापून येतं. लग्नात घरच्या चाळीस माणसांचा फोटो काढताना एक आत्या नेमकी आहेराची पाकिटं मोजत असते, तसं एखादं कार्टं कायम असतंच. बहुतेक वेळा ते दूरच्या कुठल्यातरी डिस्कच्या उत्तराची वाट पाहत उभं असतं. वाट पाहणाऱ्याला स्टॅच्यू ऐकू येत नाही.

मग उपकरणं निजतात. मग एक सोडून बाकीचे प्रोसेसर. तो एकटा दिवे मालवायला मागे राहतो आणि मेमरीचा फोटो काढतो. ही नक्कल आधी मेमरीतच ठेवावी लागते, म्हणून जवळपास निम्मी जागा रिकामी लागते. फोटो निघाला की कुणाच्या तरी लक्षात येतं, की तो डिस्कवर लिहायचाय आणि डिस्कला तर आत्ताच झोपवलंय. मग उपकरणं पुन्हा उठवायची, फोटो लिहायचा आणि पुन्हा झोपायचं. रात्री अंथरुणात शिरल्यावर गॅस बंद केलाय का ते बघायला उठणारी जमात फक्त आपल्याच घरात आहे असं मला वाटायचं. तसं नाही.

उठण्याची तऱ्हा तर त्याहून न्यारी. वीज आली की आधी एक नवाच कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जागा होतो. त्याला काही ठाऊक नसतं. तो डिस्कवरचा फोटो शोधतो, मेमरीत जागच्या जागी मांडतो आणि मग आपली गादी जुन्या कर्नलला देऊन नाहीसा होतो. जुन्याला वाटतं, मी नुसती पापणी लववली. घर उघडून, झाडून, पाणी भरून मालक यायच्या आत निघून जाणाऱ्या त्या बिचाऱ्याचे आभार आजवर कुणी मानलेले नाहीत. मी मानते.

हे सगळं लॅपटॉपवर तपासायचं तर दर वेळी बटण दाबायला एक बोट लागतं. पाहुण्यांचं बरं असतं. एक स्क्रिप्ट झोपवते, वीज गेली का बघते, उठवते, तपासते आणि निकाल लिहिते. रात्री दोन वाजता माझी स्क्रिप्ट चाळीस पाहुण्यांना अंगाई गाते. मी त्या वेळी आमच्या दीड वर्षाच्या चिरंजीवांना थोपटत असते. तिथे ऑटोमेशन नाही.

आता माझी फजिती सांगते, कारण ती लपवून मी मामांशी स्वतःची तुलना करणं बरं नव्हे.

चाचणी लिहिली तेव्हा मी शहाणपणाने ठरवलं, की झोपण्याआधी पाहुण्याकडे एक खूण ठेवायची आणि उठल्यावर ती विचारायची. खूण सांगितली की उत्तीर्ण. सात आठवडे निकाल हिरवागार. वरिष्ठांनी मेल पाठवला, त्यात 'छान' असं लिहिलं होतं. आमच्याकडे हा शब्द सहजासहजी मिळत नाही. मग एका सकाळी मी काही कारण नसताना एका नुकत्याच उठलेल्या पाहुण्याला विचारलं, बाबा रे, किती वेळ चालू आहेस? म्हणजे अपटाइम पाहिला. उत्तर आलं, दोन मिनिटं.

दोन मिनिटं? अरे, तुला काल दुपारी सुरू केलं होतं!

शोध घेतला तेव्हा कळलं, की सात आठवडे एकही पाहुणा झोपेतून उठलाच नव्हता. झोपायचे अगदी रीतसर. फोटो काढून डिस्कच्या स्वॅप नावाच्या कोपऱ्यात ठेवायचे. पण फोटो कुठे ठेवलाय हे सकाळच्या नव्या कर्नलला एका ओळीत सांगावं लागतं, आणि ती 'रिझ्यूम'ची ओळ मीच लिहायची विसरले होते. त्या नव्याला न फोटोची ट्रंक माहीत, न मालक. तो आपला पहिल्या दिवसापासून नवा संसार मांडायचा. पुढे स्वॅप सुरू करणारा प्रोग्राम त्या कोपऱ्यात जायचा, तिथे झोपेची खूण दिसली की 'इथे निद्रेचा माल आढळला, शिक्का बदलतो आहे' अशा अर्थाची एक ओळ छापायचा आणि शिक्का बदलून टाकायचा. म्हणजे जुना माणूस रोज रात्री आपलं सगळं आयुष्य ट्रंकेत भरून निजत होता आणि रोज सकाळी ती ट्रंक रद्दीत निघत होती. ओळ रोज छापली जात होती. वाचत कुणी नव्हतं.

मग खूण कशी सापडायची? कारण ती मी फाइलमध्ये लिहून डिस्कवर ठेवली होती! डिस्क काय, कुणीही उठलं तरी तीच. गावाहून आलेला माणूस खरा नानामामाच का, हे ठरवायला भिंतीवर आजोबांचा फोटो आहे का ते बघण्यासारखं. फोटो आहेच. खाली चहा पिणारा कोण, हा प्रश्न वेगळा.

झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्याने सोंगाला 'छान' म्हणून मेल पाठवलेला नसणार.

त्या दिवसापासून मी खूण मेमरीतच ठेवते. लिनक्स दर जन्माला एक लांबलचक क्रमांक स्वतःशीच काढतो. त्याला बूट-आयडी म्हणतात. तो झोपेआधी आणि झोपेनंतर तोच असेल तर माणूस तोच. वेगळा असेल तर तोतया. शिवाय मी पाहुण्याच्या आत एक छोटा प्रोग्राम सोडते. तो नुसता आकडे मोजतो, एक, दोन, तीन, आणि कुठेही लिहून ठेवत नाही. झोपण्याआधी चार हजारांवर होता तर उठल्यावर त्याच्या पुढचाच आकडा यायला हवा. पुन्हा एकपासून सुरू झाला की नापास. त्या प्रोग्रामचं नाव मी 'तलाठी' ठेवलंय. आमच्या टीममध्ये एक तमिळ मुलगा आहे. त्याला हा कुठल्या तरी गणितज्ञाचा शब्द वाटतो.

तलाठी पुढे मोजू लागला म्हणजे सगळं झालं असंही नाही. कधी पाहुणा जागा होतो, पण त्याचं नेटवर्क कार्ड झोपेतच राहतं. म्हणजे आत शुद्धीत आणि बाहेर वाचा बंद. हाका मारून मारून स्क्रिप्ट त्याला मृत घोषित करते. आणि घड्याळाचं काय सांगू! भागवतातला मुचकुंद राजा गुहेत युगभर झोपला. त्याला उठवणारा कालयवन जळून राख झाला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण पुढे तो गुहेबाहेर येतो तर माणसं, जनावरं, झाडं सगळी खुजी दिसतात. तेव्हा त्याला कळतं की कलियुग आलं. आमच्या पाहुण्यांचं तेच होतं. मनात अजून मंगळवार आणि बाहेर शुक्रवार. जोडलेली सगळी कनेक्शनं केव्हाच तुटलेली, आणि मधल्या काळातली राहिलेली कामं एकदम अंगावर धावून येतात.

किती दिवस झोपावं याबद्दलही मतभेद आहेत. शेषशायी विष्णू आषाढी एकादशीला निजतात ते कार्तिकीला उठतात. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये हायबरनेटची सोय दिली, पण ६० दिवसांवर झोपू देत नाहीत. निम्मा चातुर्मास! भाड्याच्या घरात झोपेलाही करार लागतो.

या दिवाळीत मामा आले होते. फणसपोळी झाली, जेवण झालं, आरामखुर्ची झाली. "आणि मग तो तलाठी मला म्हणतो..." आणि डोळे मिटले. या वेळी दीड तास गेला. उठले तेव्हा थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय गं सांगत होतो मी?"

मी म्हटलं, "मामा, फेरफार कुठाय, असं म्हणाला तो."

"हां, फेरफार!" म्हणाले, आणि तलाठी नाकातून पुढे बोलू लागला.