यानंतर विद्यार्थी मनोगत

परभणी जिल्ह्यातल्या शाळेत कोणताही उपक्रम नुसता पार पडला म्हणून संपत नाही. झाड लावून झालं, सहल जाऊन आली, स्काऊटचे तंबू गुंडाळून खोलीत टाकले, तरी सूत्रसंचालन करणाऱ्या बाई माइकवर दोनदा टिचकी मारून म्हणतातच, "यानंतर विद्यार्थी मनोगत." मग पहिल्या रांगेतून तो उठतो. शर्ट इन केलेला, खिशाला दोन पेन, त्यातला एक चालणारा, आणि हातात चार घड्या घातलेला वहीचा कागद. कागद तो उघडत नाही, नुसता धरून ठेवतो. भाषण पाठ आहे हे मान्यवरांना दिसावं आणि विसरलंच तर सोय असावी, अशी ती दुहेरी व्यवस्था असते.

जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा आणि खुद्द परभणी. नऊ तालुक्यांत शाळा म्हटली की हा एक असायचाच. त्याची निवड कोणतीही समिती करत नाही. पाचवीत असताना शिक्षक दिनाला हेडसर ऐन वेळी म्हणाले, "कुणीतरी दोन शब्द बोला रे." बाकीची लेकरं आपापले अंगठे न्याहाळू लागली, हा तेवढा सरांकडं बघत राहिला. तेवढ्या एका नजरेवर दहावीपर्यंतची नेमणूक पक्की झाली.

भाषणाची सुरुवात ठरलेली. सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान मान्यवर, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथं जमलेल्या माझ्या बालमित्रांनो. त्यानंतर 'मी जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्तानं ऐकून घ्यावेत' अशी नम्र विनंती. मग गाभा: आजच्या या अमुक उपक्रमातून आम्हाला खूप काही शिकायला मिळालं, आमच्यात नेतृत्वगुण, संघभावना आणि निसर्गप्रेम वाढीस लागलं. 'अमुक'च्या जागी वृक्षारोपण, विज्ञान प्रदर्शन, बाल आनंद मेळावा, हात धुवा दिन, काहीही बसतं. जंतनाशक दिनाला सगळी लेकरं तोंड वाकडं करून गोळी चघळत होती, तेव्हा या गोळीमुळं आमच्यात संघभावना वाढीस लागल्याचं त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं होतं. आरोग्य केंद्राच्या ताई चकित झाल्या. गोळीचा हा गुण त्यांच्या पत्रकात नव्हता.

मराठवाड्यातल्या मनोगतकाराला काम जरा जास्तच पडतं. बाकी महाराष्ट्रात झेंड्याचे दिवस तीन, आपल्याकडं चार. देश स्वतंत्र झाला तरी हैदराबाद संस्थानातली माणसं आणखी तेरा महिने झगडत होती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, म्हणून मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. या दिवसाचं भाषण तो वेगळं लिहीत नाही. पंधरा ऑगस्टच्या कागदावर 'इंग्रज' खोडून 'निजाम' करतो. एका वर्षी एक वाक्य खोडायचं राहून गेलं, आणि हैदराबादचा निजाम व्यापाराच्या निमित्तानं सात समुद्र ओलांडून आला.

या दोन्ही दिवशी प्रभातफेरी असते, आणि दोन्ही दिवस ऐन पावसाळ्यातले. आपली काळी माती कापसाला सोन्याची असली तरी पायाला शिशाची आहे. शाळेच्या फाटकातून निघताना बूट असतो तो मारुतीच्या पारापर्यंत दीडपट होतो. वेशीपाशी तर पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. पुढचा पोरगा 'भारत माता की' म्हणून वळतो, तर मागची अर्धी रांग 'जय' म्हणायचं सोडून वाकून चप्पल उपसत असते. कुणाचा अंगठा तुटतो. कुणी शहाणं लेकरू दोन्ही चपला हातात घेऊन वर करतं आणि घोषणेला जोर येतो. मनोगतकार या रांगेत नसतो. व्यासपीठावर जायचं म्हणजे पांढरी पँट पांढरी राहायला हवी, म्हणून तो हेडसरांच्या मोटारसायकलवर मागं बसून आधीच ध्वजस्तंभाशी पोचलेला असतो. तासाभरानं तोच सांगतो, "आज आम्ही चिखल तुडवत गाव जागवला." चिखल तुडवून आलेली लेकरं समोर पायांची माती खरवडत बसलेली असतात आणि सरांनी खूण केली की टाळ्या वाजवतात.

साहस हा त्याच्या भाषणातला अवघड परिच्छेद. जिंतूरकडचे अजिंठ्याच्या रांगेतले डोंगर आणि गंगाखेडकडच्या बालाघाटाच्या टेकड्या सोडल्या, तर जिल्ह्यात चढण्यासारखं उंच म्हणजे पाण्याची टाकी, आणि तिच्यावर चढायला बंदी. त्यात सहलीच्या सूचना. नदी, तलाव, विहीर, उंच कडे, जिथं जिथं जीवाला धोका तिथं लेकरं नेऊ नका. सूचना रास्तच आहेत, लेकरं परत आणायची असतात. पण त्यामुळं येलदरीला गेलं तर पाण्यापासून लांब उभं राहून धरण बघायचं, आणि नेमगिरीच्या डोंगराला गेलं तर वर बघत बघत हात धरून चालायचं. बाकी उरतं ते गंगाखेडला संत जनाबाई, पाथरीला साईबाबांचं मंदिर आणि चारठाण्याची जुनी देवळं. एकेकाळी औंढा नागनाथही जिल्ह्यातच होतं. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि ज्योतिर्लिंग तिकडं गेलं. मनोगतकार मात्र अजूनही 'आपल्या जिल्ह्याचं भूषण असलेलं औंढा नागनाथ' असंच म्हणतो, कारण कागद चुलतभावाकडून आलेला आहे आणि चुलतभाऊ १९९७ चा दहावी आहे.

सहल एसटीनं जाते, शाळेला निम्मं भाडं लागतं. गाडीत मागची लांब सीट म्हणजे सहलीची राजधानी. फडक्यातले धपाटे, दह्याची बरणी, शेंगदाण्याची चटणी, कुणाच्या तरी माईनं दिलेल्या दशम्या, सगळं तिथं सांडतं आणि सगळ्यांचं होतं. मनोगतकार ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर सरांच्या शेजारी बसतो. सर झोपतात. हा मान्यवरांची नावं पाठ करतो. त्याला वाईट म्हणवत नाही, तो खोटंही बोलत नाही. सगळ्यांच्या वतीनं बोलायची जबाबदारी लहानपणीच अंगावर पडल्यानं स्वतः तिथं हजर राहायला त्याला सवड मिळालेली नाही, एवढंच.

कृषी विद्यापीठातली भेट सगळ्यांच्या लक्षात आहे. तिथले एक साहेब बांधावर उभे राहून लेकरांना पिकांची वाणं समजावून देत होते. ज्वारीचं परभणी मोती, लोह आणि जस्त जास्त असलेलं परभणी शक्ती, आणि पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला दाद न देणारं भेंडीचं परभणी क्रांती. लेकरं ऐकत होती, दोघातिघांनी तर कोवळ्या भेंड्या तोडून खाल्ल्याही. हा पाठमोरा उभा राहून कागदावर शब्द टिपत होता. आभाराच्या वेळी म्हणाला, "परभणीच्या क्रांतीत ज्यांनी ज्यांनी बलिदान दिलं, त्यांना मी विनम्र अभिवादन करतो." सरांनी बाहीला धरून 'भेंडी, भेंडी' असं कुजबुजेपर्यंत साहेब दोन मिनिटं स्तब्ध उभे राहायच्या तयारीत होते.

घरी आल्यावर खरी परीक्षा. येलदरीहून आला त्या रात्री आजोबांनी विचारलं, "काय बघितलंस रं?"

"खूप काही शिकायला मिळालं, आबा."

"ते ऱ्हाऊ दे. पाणी किती हाय?"

पूर्णा नदीवरच्या या धरणाच्या पाण्यावर ज्यांची रब्बी अवलंबून, त्यांना दुसरं काय विचारायचं असतं? हरभऱ्याला पाळी मिळणार का, गहू पेरावा का, सगळं त्या एका उत्तरात. याला पाण्याचा पत्ता नव्हता. धरणाची लांबी, उंची, साल, सगळं तोंडपाठ. शेवटी धाकटी बहीण, जी मागच्या सीटवर होती, ती म्हणाली, "आबा, भिंतीच्या बरंच वरपर्यंत पाणी होतं औंदा. वॉचमनकाका म्हणले, सुटंल पाणी." आबांनी तिला जवळ घेऊन बसवलं. मनोगतकार कागदाची घडी घालत राहिला.

स्काऊटच्या शिबिरातही असंच. गावाबाहेर चिंचेच्या बनात तंबू. डिसेंबर महिना, आणि परभणीची थंडी म्हणजे कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्रातला आकडा राज्यभरच्या पेपरात छापून येतो अशी. दिवसा गाठींचा तास झाला. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइन. मनोगतकारानं तिन्हींची नावं न अडखळता सांगितली आणि शाबासकी मिळवली. रात्री वारं सुटलं. एकेक दोरी सैल होत तंबू बसू लागले, लेकरं आत गुरफटली. एकच तंबू हलला नाही. तो एका सालगड्याच्या पोरानं बांधला होता. सरांनी बॅटरी मारून खुंटी बघितली. "ही कोणती गाठ रे?" "नाव नाय माहीत सर. आमचा बैल लय वढाळ हाय, त्याला हीच बांधतो." मग त्या पोरानं अंधारात एकेका खुंटीशी बसून सगळ्यांचे तंबू बांधून दिले. दाव्याला पीळ द्यायचा, दुहेरी फास टाकायचा, टाचेनं दाबून ओढायचं. गुणपत्रिकेत त्याला गाठींचे गुण मिळाले नाहीत, नावं आली नव्हती.

मनोगतकार त्या वेळी शाळेच्या खोलीत होता. घसा धरू नये म्हणून सरांनीच त्याला पाठवलं होतं. समारोपाला तो म्हणाला, "वादळी रात्री तंबूत राहण्याचा थरारक अनुभव आम्ही कधीच विसरणार नाही." ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. सालगड्याच्या पोराच्याही आला. आपण एवढ्या मोठ्या संकटात होतो हे त्याला तेव्हा कळलं.

आणि तरी हा नसून चालत नाही. उपक्रमाचा अहवाल वर जातो, त्यात फोटो लागतात, आणि माइकसमोर उभा असलेला विद्यार्थी नसेल तर फोटोत नुसती माती दिसते. पुढं हाच पोरगा गावाला जन्मभर पुरतो. लग्नात मंगलाष्टकांआधी पुढाऱ्यांची नावं तोच वाचतो, शिक्षकांच्या सेवापूर्ती सोहळ्यात दाटलेल्या कंठानं तोच बोलतो, पतसंस्थेच्या सभेत 'अध्यक्षांच्या परवानगीनं' आभार तोच मानतो. पाहुणे उशिरा आले तर वेळ काढून देतो, लवकर उठले तर गुंडाळून देतो. चाळिशीला पोचेपर्यंत तालुक्यातला एकही मान्यवर त्याच्या तोंडून सुटलेला नसतो.

नववीत असताना मात्र एकदा त्याची पाळी हुकली. येलदरीच्या दुसऱ्या सहलीच्या आदल्या रात्री सरावानंच घसा बसला. सहलीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी परिपाठाला बाईंनी नाइलाजानं सातवीतल्या एका मुलीला उभं केलं. ती व्यासपीठाला विसरली, गुरुजनांना विसरली, सरळ बोलायलाच लागली.

"धरण लय मोठं हाय. पाण्याजवळ जाऊ दिलं नाही, म्हणून आम्ही भिंत बघितली. भिंत बी मोठी हाय. येताना उसाची ट्रॉली उलटली, रस्ता अडला, आम्ही खाली उतरलो. तिथं तुरीचं रान होतं. आम्ही दोन शेंगा तोडल्या तर आजी आली. आम्ही पळू लागलो. ती म्हणाली, पळता कायला, बसून खावा, आणि तिनं वटाभर शेंगा आणून दिल्या. सगळ्यात चांगलं तेच होतं. आजीचे आभार मानायचे ऱ्हाऊन गेले, म्हणून आता मानते."

खूण न करता टाळ्या वाजल्या. शिपाईमामांनीसुद्धा घंटेचा हातोडा खाली ठेवून वाजवल्या. परिपाठ सुटल्यावर मनोगतकार तिच्याजवळ गेला आणि बसलेल्या आवाजात, मोठ्या मनानं म्हणाला, "चांगली बोललीस. फकस्त एक ध्यानात ठेव, आभार मानताना आजींचं पूर्ण नाव आणि पद घ्यायला पाहिजे होतं."