दोघांत एक तांडेल

कमांडर दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून मुंबईहून एकटेच निघाले आणि वाटेत अवघी चार बंदरं घेऊन, पृथ्वीला वळसा घालून, २०१० च्या मे महिन्यात परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी तर त्याच बोटीतून कुठेही न थांबता जाऊन आले. लोक अजूनही तोंडात बोट घालतात, “एकटे हो! एवढा समुद्र आणि बरोबर कोणी नाही!” दोघांच्या धैर्यापुढे मी हात जोडते. फक्त ते ‘बरोबर कोणी नाही’ अडचणीत कशाला धरायचं, ते मला कळत नाही. ती तर केवढी सोय! एकट्या माणसाला नांगर टाकताना भांडायला कोणी नसतं. नवरा-बायकोने मिळून निघावं आणि पृथ्वी राहू दे, मांडव्याला न भांडता पोचून दाखवावं. मी स्वतः हार घेऊन जेटीवर उभी राहीन.

‘म्हादेई’ ५६ फुटांची. आमची बोट २७ फुटांची, म्हणजे तिच्या निम्म्याहूनही कमी आणि माणसं दुप्पट. मी शाळेत भूगोल शिकवायचे, नवरा बँकेत होता. निवृत्तीनंतर त्याच्या फंडातून घराचं कर्ज फिटलं आणि माझ्या फंडातून ही जुनी बोट आली. ज्यांनी ती विकली त्यांच्या पत्नीने व्यवहाराच्या दिवशी आम्हाला श्रीखंड खाऊ घातलं, यावरून मी काय ते ओळखायला हवं होतं. कागदोपत्री मालकीण मी. पण बोटीची हौस त्याची, म्हणून कप्तान तो. त्याला कोणी नेमलेलं नाही. पहिल्या दिवशी तो टोपी घालून आला, एवढंच.

आता आमच्या घरात इतक्या वर्षांत ‘कर्ता कोण’ हा प्रश्न कधी निघाला नव्हता. ज्याला सुचेल त्याने करावं आणि बिघडलं तर दुसऱ्याने बोलावं, या घटनेवर संसार सुरळीत चालला होता. सोफा कुठे ठेवायचा हे आम्ही आठ महिने ठरवत होतो आणि तेवढे दिवस सोफा दारात होता. कोणाचं काही अडलं नाही. समुद्राला हे चालत नाही. तिथे खडक पुढे असतो आणि ठरवायला आठ महिने नसतात. कोणीतरी एकाने हुकूम सोडावा आणि दुसऱ्याने तो पाळावा लागतो. हुकूम सोडायला आमच्याकडे दोघंही होते.

बोटीवर राहतो म्हटलं की नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातली यॉट येते. पाचव्या मिनिटाला मात्र सगळे मुद्द्यावर येतात, “पण संडासचं काय?” आहे. हातपंपाचा आहे, आणि तो चालवण्याच्या पायऱ्या भिंतीवर कप्तानाच्या बँकेतल्या अक्षरात क्रमवार लिहिलेल्या आहेत. खालच्या केबिनमध्ये एकाला कूस बदलायची असेल तर दुसऱ्याला कळवावं लागतं. मी गिरगावातल्या दोन खोल्यांच्या चाळीत वाढले, त्यामुळे मला ही बोट म्हणजे शेजारी नसलेली चाळच वाटते. नवरा बंगल्यात वाढला. त्याचं डोकं अजून वरच्या तुळईला लागतं.

स्वयंपाकाची शेगडी दोन बाजूंनी टांगलेली आहे. बोट कलली की शेगडी आपली सरळ राहते आणि मी तिरकी होते. पोहे परतताना कंबरेमागे एक पट्टा अडकवावा लागतो, नाहीतर कढई जागेवर आणि परतणारी पलीकडच्या बाकावर. एकदा चौलच्या पुढे लाटा बाजूने यायला लागल्या, तेव्हा फोडणीतलं तेल कढईच्या एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जात होतं आणि मोहरी त्याच्यामागून धावत होती. अर्धी मोहरी तडतडली, अर्धी कच्चीच राहिली. तेव्हापासून लाटा असल्या की कुकर. झाकण बंद, सांडलवंड नाही, समुद्रासाठीच जन्माला आलेलं भांडं. फक्त शिट्टी झाली की कप्तान दचकून इंजिनकडे बघतो.

आमचा वेग ताशी पाच सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. तोही वारा प्रसन्न असेल तर. मुंबई ते गोवा समुद्रमार्गे सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. रात्री जायचं नाही, कारण अंधारात मच्छीमारांच्या जाळ्यांचे बोये दिसत नाहीत आणि जाळं पंख्यात गुंतलं तर आपली बोट जाते आणि त्यांचं जाळंही. त्यामुळे सकाळी निघायचं आणि संध्याकाळच्या आत पुढचं बंदर गाठायचं. मुरूड, हर्णै, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण. एस.टी. ज्या गावाला सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचवते, तिथे आम्ही तिसऱ्या दिवशी पोचतो आणि वर दमलेले असतो.

या प्रवासात मला एकच गोष्ट सुखावून गेली. खारे वारे आणि मतलई वारे. वर्षानुवर्षं मी फळ्यावर जमीन काढली, समुद्र काढला, दिवसाचा बाण समुद्राकडून जमिनीकडे आणि रात्रीचा उलटा काढला, आणि खरं सांगायचं तर दोन मार्कांच्या प्रश्नापलीकडे त्यांचा काही उपयोग असेल अशी शंकाही मला आली नव्हती. आणि इथे पहाटे नांगर उचलला की खरोखर डोंगरांकडून गार वारा येतो, मतलई. शीड भरतं, समुद्र सपाट असतो, चहा कपात राहतो. दहा-अकराला तो पडतो. मग तासभर शिडं लोंबतात, घामाच्या धारा लागतात आणि कप्तान आकाशाकडे बघून बँकेतल्या क्लार्कला बोलावं तसं काहीतरी पुटपुटतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि सूर्यास्तापर्यंत आपल्याला दक्षिणेला ढकलत नेतो. पुस्तकातल्यासारखं घडतं! मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा आनंदाने ओरडले, “दोन मार्क!” कप्तानाला वाटलं बोयाच दिसला.

हाच वारा परतीला तोंडावर येतो. जाताना शिडावर, येताना डिझेलवर. कप्तानाने ‘जाता-येता’ म्हणून आखलेलं वेळापत्रक पाहून मी म्हटलं, “वारा परत फिरणार नाही.” तो म्हणाला, “अगं, वाऱ्याची दिशा बदलत असते.” मी म्हटलं, “ऑक्टोबर ते मे नाही बदलत. सातवीच्या पुस्तकात आहे.” वेळापत्रक गुंडाळलं गेलं. पण टोपी डोक्यावरच राहिली.

मग भरती. कप्तानाच्या फोनमध्ये भरती-ओहोटीचं ॲप आहे, ज्याला रेंज लागते, आणि किनाऱ्याचे कडे उंच असले की रेंज जाते. माझ्याकडे कालनिर्णय आहे, तो केबिनच्या दारावर टांगलेला आहे आणि त्याला रेंज लागत नाही. कोळी लोकांचा साधा हिशेब: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या, एकादशीला सव्वाआठच्या. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास भरती आणि त्या दिवसांत उधाण. अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. थोडंफार इकडेतिकडे, पण बोटीला तेवढं चालतं.

बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचते. सावित्री नदी वरून गाळ आणते, समुद्र तो आत ढकलतो आणि दोघांच्या ओढाताणीत वाळूचे दांडे जागा बदलत राहतात. तिथे भरतीच्या पाण्यावरच शिरावं. आम्ही तोंडाशी पोचलो आणि रेंज गेली. कप्तान फोन आकाशाकडे धरून नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, उभा राहिला. मी कालनिर्णय बघितला. षष्ठी. सहा पाऊणे साडेचार.

“अजून तासभर पाणी चढतंय,” मी म्हटलं. “हळूहळू घेते आत.”

“ॲप बघू दे.”

“ॲप बघेपर्यंत सप्तमी लागेल.”

सुकाणू माझ्या हातात होतं, त्यामुळे बोट आत गेली. रेंज आली तेव्हा आम्ही नांगर टाकून चहा पीत होतो. फोन बघून तो म्हणाला, “चार चाळीस. तुझी दहा मिनिटं चुकली.” बँकेत काढलेली वर्षं अशी वाया जात नाहीत.

आता नांगर. सगळ्या जगातल्या दर्यावर्दी नवरा-बायकोंचं भांडण नांगर टाकतानाच होतं असं मी ऐकून आहे, आणि त्यामागे शास्त्र आहे. एकाला नाळेवर साखळी घेऊन उभं राहावं लागतं, दुसऱ्याला मागे सुकाणूपाशी. मध्ये २७ फूट, इंजिनाचा आवाज आणि वारा. म्हणजे सुस्पष्ट बोलणं अत्यावश्यक आणि ऐकू येणं अशक्य. त्यात हर्णै. समोर सुवर्णदुर्ग, शेजारी मासेमारी बोटींची गर्दी, आणि संध्याकाळची वेळ म्हणजे किनाऱ्यावर मासळीचा लिलाव. अर्धा तालुका तिथे जमलेला. लिलाव ओरडून होतो, त्यामुळे आमचं फारसं कोणाच्या लक्षात येणार नाही असं मला वाटलं होतं.

“किती सोडू?” नाळेवरून कप्तान.

“पाच मीटर खोली आहे!”

“काय?”

“पाच!”

त्याने पाच मीटर साखळी सोडली.

“अरे, खोली पाच! भरतीचे अडीच धर! साडेसाताच्या पाचपट सोड!”

“काय सोड?”

“सदतीस!”

किनाऱ्यावरून एका बाईंचा आवाज आला, “चाळीस!” बोली कशावर चालली होती कोणास ठाऊक, पण कप्तानाने चाळीस सोडली.

मग बोट मागे घेऊन नांगर रुतवायचा असतो. त्यासाठी आम्ही घरी हातांच्या खुणा ठरवल्या होत्या. अंगठा मागे म्हणजे मागे घे, पंजा वर म्हणजे थांब. पण आमच्या घरात पंजा वर करण्याला आधीपासूनच एक अर्थ आहे. ‘पुरे, हा विषय बंद.’ त्याने पंजा वर केला आणि मी नेहमीच्या सवयीने विषय चालू ठेवला. बोट दिमाखात मागे जात राहिली. शेजारच्या बोटीवरचा एक म्हातारा तांडेल, म्हणजे त्या बोटीचा कप्तान, जाळं शिवत बसला होता. त्याने मान वर न करता सांगितलं, “काकी, इंजिन बंद करा. काका, तुम्ही खाली बसा. आता बोलू नका कोणी.” आम्ही दोघं गप्प बसलो. नांगर धरला. थोड्या वेळाने त्याने आमच्याकडे चार बांगडे पाठवून दिले. पैसे घेतले नाहीत. एवढी करमणूक फुकट झाली होती म्हणून असेल.

बांगडे तळताना कप्तान म्हणाला, “बघितलंस? एकाने हुकूम सोडला की काम होतं.”

“हो,” मी म्हटलं, “आणि तो आपल्यापैकी नसला की.”

विजयदुर्गला पोचताना त्याच्या चेहऱ्यावर ताण होता. गडाच्या पश्चिमेला समुद्राच्या पोटात एक भिंत आहे, शत्रूची जहाजं आपटून फुटावीत अशी. आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. १७५६ मध्ये इंग्रजांनी ते घेतलं, भिंत मात्र तिथेच राहिली. कप्तान म्हणाला, “भिंत शत्रू-मित्र ओळखत नाही.” मग लांबून वळसा की जवळून, यावर चर्चा झाली, आणि चर्चा संपेपर्यंत बोट आपोआप लांबून वाघोटणच्या खाडीत शिरली होती. आमचे बरेचसे सुरक्षित निर्णय या पद्धतीने झालेले आहेत.

जूनमध्ये मासेमारी बंद होते, त्याच्या आतच आम्ही बोट वर काढून ताडपत्रीने शाकारतो आणि फ्लॅटमध्ये राहायला जातो. तिथे हाक मारली तर ऐकू येतं, हे आम्हाला सुरुवातीला जड जातं. कप्तान बाल्कनीत उभा राहून ढगांना नावं ठेवतो. पंजा वर करून बघतो. कोणी थांबत नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून आलो की त्याला बरं वाटायला लागतं.

आणि बोट पाण्यात असली की प्रत्येक बंदरात कागदपत्रं. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी बोट दिसली की चौकशी होते, आणि व्हायलाच हवी. फक्त मच्छीमार नाहीत, माल नाही, साहित्यात एक कुकर आणि कालनिर्णय, अशी बोट कुठल्या रकान्यात बसवायची हे कोणालाच कळत नाही. एका बंदरावर एक प्रौढ हवालदार वही घेऊन आले.

“उद्देश?”

“फिरायला,” आम्ही म्हटलं.

“एस.टी. आहे की.”

“हौस म्हणून.”

‘हौस’ असं त्यांनी लिहिलं आणि पुढे गेले. “मालक?” मी. माझं नाव लिहिलं, आधार बघितलं. “तांडेल?”

कप्तानाने टोपी सारखी केली. मी सहज म्हटलं, “बाणकोटच्या खाडीत बोट कोणी घेतली?” तो म्हणाला, “भिंत कोणामुळे चुकली?” मी म्हटलं, “चर्चेमुळे.” हवालदारांनी पेन उचलून धरलं. वारा सुटला होता, वहीची पानं फडफडत होती.

“बरं, खलाशी कोण ते तरी सांगा.”

आम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं.

गृहस्थ अनुभवी असावेत, विवाहित तर नक्कीच. त्यांनी ‘खलाशी – २’ असं लिहिलं, तांडेलाचा रकाना तसाच कोरा ठेवला, खाली सही करून शिक्का मारला आणि पावती मालकिणीच्या हातात दिली. त्या कोऱ्या रकान्यावर आम्ही पुढे थेट गोव्यापर्यंत गेलो.